क्ले टार्गेट नेमबाजीसाठी नंबरचा चष्मा कसा निवडावा?

माळरान

सर्वांना नमस्कार. मी इंग्लंडमध्ये सरे परगण्यात राहतो आणि शनिवार-रविवारी बिस्लीच्या मैदानावर शॉटगनने क्ले टार्गेट, म्हणजे यंत्राने हवेत फेकल्या जाणाऱ्या तबकड्या, फोडण्याचा सराव करतो. (हे तेच बिस्ली, जिथे २००२ च्या मँचेस्टर राष्ट्रकुल स्पर्धेतील नेमबाजी झाली आणि अंजली वेदपाठक-भागवत यांनी रायफलमध्ये चार सुवर्णपदके मिळवली.) मुख्यतः ‘डाउन द लाइन’ हा ट्रॅपचा (समोरून निघून दूर जाणाऱ्या तबकड्यांचा) इंग्लंडमधील प्रकार खेळतो, अधूनमधून स्कीटही (दोन बाजूंनी आडव्या येणाऱ्या तबकड्यांचा प्रकार) खेळतो.

माझा प्रश्न चष्म्याचा आहे. उजव्या डोळ्याचा नंबर उणे ४.७५ आणि डाव्याचा उणे ४.२५ असून दोन्हींत थोडा सिलिंडर, म्हणजे दृष्टिवैषम्याचा नंबर, आहे. पन्नाशी ओलांडली असल्यामुळे जवळचा नंबरही आहे आणि रोज प्रोग्रेसिव्ह चष्मा (एकाच भिंगात वर दूरचा आणि खाली जवळचा नंबर) वापरतो. तोच चष्मा लावून मैदानावर गेलो की तीन अडचणी येतात. गाल बंदुकीच्या दस्त्यावर टेकवल्यावर फ्रेमची वरची कड नेमकी नजरेच्या रेषेत येते. कोपऱ्यातून निघालेली तबकडी पहिल्या क्षणी पसरट आणि पुसट दिसते व मग एकदम स्पष्ट होते. दुपारनंतर सूर्य पाठीशी असला की भिंगाच्या आतल्या बाजूवर माझ्याच गालाचे प्रतिबिंब दिसते.

येथील चष्म्याच्या दुकानात विचारले असता त्यांनी धावण्यासाठी वापरतात तसा गुंडाळीचा, म्हणजे चेहऱ्याभोवती वळणारा, क्रीडा-चष्मा प्रोग्रेसिव्ह भिंगांसह सुचवला. क्लबमधील मंडळी मात्र नंबराविषयी काहीच बोलत नाहीत. त्यांची सगळी चर्चा जांभळी काच चांगली की नारिंगी, यावरच चालते. खर्च बराच आहे, त्यामुळे आधी नीट समजून घेऊन मगच निर्णय करावा असे वाटते. येथे कोणी शॉटगन नेमबाज किंवा दृष्टितज्ज्ञ असल्यास कृपया मार्गदर्शन करावे.

बालेवाडीकर

मी पुण्यात बालेवाडीच्या रेंजवर १० मीटर एअर रायफलचा सराव करतो. आमच्याकडे नेमबाजीचा चष्मा म्हणजे एका डोळ्यासमोर छोटे गोल भिंग, ते वर-खाली आणि आडवे सरकवता येईल असा दांडा, दुसऱ्या डोळ्यासमोर पांढरट पट्टी आणि हवे असल्यास प्रकाश कमी-जास्त करणारी झडप. भिंग बंदुकीच्या रेषेला काटकोनात आणून बसवता येते, त्यामुळे आपली पहिली अडचण लगेच सुटेल. हा चष्मा पाहावा असे सुचवतो.

लोलक

मी दृष्टितज्ज्ञ म्हणून पुण्यात काम करते आणि माझ्याकडे रायफल, पिस्तूल व शॉटगन अशा तिन्ही प्रकारांचे खेळाडू येतात. बालेवाडीकर यांनी वर्णन केलेला चष्मा त्यांच्या प्रकारासाठी उत्तम आहे, परंतु तो शॉटगनला चालत नाही. याचे कारण समजले की माळरान यांच्या बऱ्याच प्रश्नांची उत्तरे आपोआप मिळतील, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

रायफल किंवा पिस्तूल नेमबाजाचे लक्ष्य स्थिर असते आणि त्याची दृष्टी पुढच्या साइटवर केंद्रित असते. लक्ष्य किंचित पुसट दिसले तरी चालते. म्हणून आम्ही त्यांच्या दूरच्या नंबरात साधारण अर्धा ते पाऊण डायॉप्टर (म्हणजे नंबराचे एकक) इतका अधिक चिन्हाचा, म्हणजे प्लस, नंबर घालून स्पष्टतेचे अंतर जवळ आणतो. शॉटगनमध्ये नेमके उलटे आहे. तेथे दृष्टी तबकडीवर खिळलेली असावी लागते, नळीच्या टोकावरचा मणी नजरेच्या कडेला पुसटच राहायला हवा आणि दोन्ही डोळे उघडे असावे लागतात, कारण तबकडीचा वेग व दिशा यांचा अंदाज दोन डोळ्यांनी आणि रुंद दृष्टिक्षेत्रानेच येतो. एका डोळ्यासमोरचे छोटे गोल भिंग आणि दुसऱ्यावर पट्टी लावली, तर बाजूने येणारी तबकडी उशिराच दिसेल. शिवाय त्या चष्म्याने डोळ्यांचे संरक्षणही होत नाही, आणि शॉटगनच्या मैदानावर फुटलेल्या तबकडीचे तुकडे, विशेषतः स्कीटमध्ये, अंगावर येतात.

आता आपल्या अडचणींकडे वळू. रोजचा चष्मा आपण सरळ उभे राहून समोर पाहतो त्या स्थितीसाठी बनवलेला असतो. भिंगाचा प्रकाशीय केंद्रबिंदू बाहुलीच्या समोर किंवा किंचित खाली ठेवतात आणि भिंगाची खालची कड गालाकडे थोडी झुकवलेली असते, म्हणजे वाचताना सोयीचे पडते. बंदूक खांद्याला लावून गाल दस्त्यावर टेकवला की डोके पुढे झुकते, थोडे बाजूला वळते आणि डोळा वर व नाकाच्या दिशेने पाहू लागतो. उजव्या खांद्यावरून नेम धरणाऱ्याचा उजवा डोळा त्या वेळी भिंगाच्या वरच्या, नाकाकडील कोपऱ्यातून पाहत असतो. हा कोपरा केंद्रबिंदूपासून सहज १० ते १५ मिलिमीटर दूर पडतो. ज्या जागेतून पाहण्यासाठी भिंग घासलेलेच नाही, त्या जागेतून आपण सर्वांत महत्त्वाचा क्षण पाहता. फ्रेमची कड नजरेत येते तीही याच कारणाने.

दुसरी अडचण प्रोग्रेसिव्हची आहे. या भिंगात वरच्या भागात दूरचा नंबर असतो, म्हणून नळीच्या रेषेत पाहताना आपल्याला स्पष्ट दिसते. परंतु खालच्या दोन्ही बाजूंना विकृतीचे पट्टे असतात आणि ते कोणत्याही कंपनीच्या भिंगात पूर्णपणे टाळता येत नाहीत. ट्रॅपमध्ये तबकडी नजरेच्या खालून वर उठते आणि बाजूला जाते, म्हणजे ती प्रथम दिसते ती नेमकी या पट्ट्यांतून. आपण वर्णन केलेला ‘पसरट आणि मग एकदम स्पष्ट’ हा अनुभव त्याचाच आहे.

म्हणून माझे पहिले मत असे की नेमबाजीच्या चष्म्यात फक्त दूरचा एकच नंबर असावा, आणि त्याचा केंद्रबिंदू बंदूक लावलेल्या स्थितीत डोळा जेथून पाहतो तेथे आणावा. काचेचा रंग हा त्यानंतरचा विषय आहे. क्लबमध्ये तीच चर्चा अधिक होते, कारण रंग सर्वांना दिसतो आणि केंद्रबिंदू कोणालाच दिसत नाही.

गणिताची_गोडी

लोलकताई, उत्तम प्रतिसाद. एक शंका आहे. भिंगाच्या केंद्रापासून दूर पाहिले की लोलकासारखा परिणाम होतो आणि तो सेंटिमीटरमधील अंतर गुणिले नंबर इतका असतो, असे शाळेत नाही तरी नंतर कुठेतरी वाचले होते. उणे ४.७५ नंबर आणि १२ मिलिमीटर अंतर धरले तर ५.७ प्रिझम डायॉप्टर होतात. एक प्रिझम डायॉप्टर म्हणजे एका मीटरवर एक सेंटिमीटर विचलन, म्हणजे ३० मीटरवरील तबकडी सुमारे १.७ मीटर सरकलेली दिसणार. मग चष्मा लावणारा नेमबाज तबकडी फोडतो तरी कसा?

लोलक

आपले गणित बरोबर आहे, परंतु त्यातून काढलेला निष्कर्ष लागू होत नाही. तबकडी ज्या जागेतून दिसते, त्याच जागेतून नळी आणि मणीही दिसतात. दोन्हींकडून येणारे किरण एकाच ठिकाणी सारखेच वाकतात, म्हणून डोळ्याला नळी आणि तबकडी एका रेषेत दिसली तर प्रत्यक्षातही ती जवळपास एका रेषेतच असतात. भिंग डोळ्यापासून १२-१४ मिलिमीटर पुढे असल्याने पडणारा फरक एक मिलिमीटरहून कमी असतो. तसे नसते तर आपण म्हणता त्याप्रमाणे जाड चष्म्याचा एकही माणूस या खेळात टिकला नसता.

नुकसान होते ते तीन वेगळ्या मार्गांनी. पहिला मार्ग स्पष्टतेचा आहे, कारण केंद्राबाहेर तिरके पाहताना भिंग थोडा नकोसा सिलिंडर निर्माण करते. दुसरा मार्ग रंग फुटण्याचा. प्रिझमला भिंगाच्या अॅबे अंकाने (हा अंक जितका मोठा तितके रंग कमी फुटतात) भागले की रंगांचे विखुरणे किती होईल ते कळते. पॉलिकार्बोनेटचा अॅबे अंक सुमारे ३० आहे, म्हणजे वरच्या उदाहरणात ०.१९ प्रिझम डायॉप्टर. ट्रायव्हेक्स या दुसऱ्या मजबूत प्लास्टिकचा ४३ ते ४५ आहे, म्हणजे सुमारे ०.१३. साधारण ०.१ च्या पुढे हा परिणाम जाणवू लागतो आणि उजळ आकाशासमोरच्या काळ्या तबकडीला निळसर-पिवळी किनार दिसते. तिसरा मार्ग दोन डोळ्यांतील फरकाचा. माळरान यांच्या दोन नंबरांत अर्ध्या डायॉप्टरचा फरक आहे, त्यामुळे केंद्रापासून १० मिलिमीटर वर पाहताना दोन्ही डोळ्यांना मिळणाऱ्या उभ्या विचलनात अर्ध्या प्रिझम डायॉप्टरचे अंतर पडते. एवढे मेंदू सांभाळून घेतो, परंतु शंभर तबकड्यांच्या दिवसात शेवटी डोळे थकतात त्याचे एक कारण हेही असते. ज्यांच्या दोन डोळ्यांत दोन-तीन डायॉप्टरचा फरक आहे त्यांना तर तबकडी क्वचित दोन दिसू शकतात.

तुघलकाबाद_वारी

मी दिल्लीत असतो आणि तुघलकाबादच्या डॉ. कर्णीसिंह रेंजवर ट्रॅप खेळतो. लोलक यांच्या म्हणण्याला दुजोरा देऊन काही व्यवहाराच्या गोष्टी जोडतो.

स्पष्टता किती लागते याचा अंदाज घेण्यासाठी आकडे पाहावेत. आंतरराष्ट्रीय नियमांची तबकडी ११० मिलिमीटर व्यासाची आणि जेमतेम २५-२६ मिलिमीटर उंचीची असते. ऑलिंपिक ट्रॅपमध्ये तबकड्या फेकणाऱ्या यंत्रांचा खंदक नेमबाजापासून १५ मीटरवर असतो, आणि गोळी सुटेपर्यंत तबकडी तीस-पस्तीस मीटरवर पोहोचलेली असते. त्या अंतरावर तिची पातळ कड डोळ्याशी केवळ अडीच कोनीय मिनिटांचा कोन करते, आणि सामान्य, म्हणजे ६/६ दृष्टीची मर्यादा एक मिनिटाची आहे. म्हणजे तबकडी दिसते हे खरे, पण हाताशी फारसे काही शिल्लक राहत नाही. पाव नंबर कमी पडला तरी तबकडीची कड विरघळते आणि नजर आपोआप मण्याकडे परत येते. नजर मण्यावर आली की बंदूक थांबते आणि तबकडी पुढे निघून जाते. प्रशिक्षक ज्याला ‘बंदूक थांबवणे’ म्हणून ओरडत असतात त्यामागे पुष्कळदा डोळ्याचा नंबर असतो, हाताचा दोष नसतो.

म्हणून नंबर तपासताना एक काळजी घ्यावी. दवाखान्यातील तक्ता सहा मीटरवर, किंवा आरसा लावून तेवढ्याच अंतरावर असतो. सहा मीटरसाठी अचूक काढलेला नंबर खऱ्या दूरच्या अंतरासाठी सुमारे ०.१७ डायॉप्टरने अपुरा पडतो. हा फरक स्वतःहून भरून काढण्याचा मार्ग डोळ्याकडे नसतो. चाचणीची फ्रेम डोळ्यावर ठेवून दवाखान्याच्या दारात किंवा गच्चीत जावे, दूरच्या विजेच्या तारा किंवा पाटी पाहावी आणि पाव नंबर वाढवल्यावर खरोखर अधिक स्पष्ट दिसते का, हे तज्ज्ञांना तपासायला सांगावे. नुसते अधिक काळे व लहान दिसत असेल तर तो पाव नंबर घेऊ नये.

डॅलसकर

माझा अनुभव टेक्सासमधील स्पोर्टिंग क्लेचा आहे, जेथे तबकडी कधी झाडांच्या मधून, कधी जमिनीवर घरंगळत सशासारखी, तर कधी थेट डोक्यावरून येते. माझा नंबर उणे पाचच्या आसपास आहे आणि मी सगळे प्रकार सोडून कॉन्टॅक्ट लेन्सवर आलो. लेन्स बुबुळाबरोबर फिरते, त्यामुळे केंद्रबिंदूचा प्रश्नच संपतो; फ्रेमची कड नाही, वाफ धरत नाही आणि वरून बिननंबरी संरक्षक चष्मा घालता येत असल्याने रंगीत काचा हव्या तेवढ्या बदलता येतात. शिवाय तबकडी थोडी मोठी दिसते असे मला स्पष्टपणे वाटते, हा भास असेल तर तज्ज्ञांनी सांगावे. माळरान यांनी एवढा खटाटोप करण्याऐवजी रोज फेकून द्यायच्या लेन्स घ्याव्यात.

लोलक

तो भास नाही. उणे नंबरचा चष्मा प्रतिमा लहान करतो आणि उणे ४.७५ ला हा फरक पाच टक्क्यांच्या आसपास असतो. लेन्स बुबुळावरच बसत असल्यामुळे हे आकुंचन जवळजवळ नाहीसे होते. त्याच कारणाने लेन्सचा नंबरही चष्म्यापेक्षा कमी लागतो, उणे ४.७५ च्या जागी साधारण उणे ४.५०.

मात्र कॉन्टॅक्ट लेन्स सर्वांना मानवेलच असे नाही. पन्नाशीनंतर डोळे कोरडे पडू लागतात, आणि तबकडीची वाट पाहताना माणूस पापणी मिटवत नाही. वाऱ्याच्या दिवशी लेन्स सुकून दृष्टी क्षणभर पुसट होते, आणि तो क्षण नेमका ‘पुल’ म्हणून तबकडी मागितल्यानंतरचा असू शकतो. सिलिंडर पाऊण किंवा त्याहून अधिक असेल तर टोरिक, म्हणजे सिलिंडरचा नंबर असलेली, लेन्स लागते, आणि डोळा झपाट्याने वर-बाजूला फिरला की ती किंचित फिरू शकते. आणखी एक सूचना विशेष महत्त्वाची आहे. चाळिशीनंतर अनेकांना एका डोळ्यात दूरचा व दुसऱ्यात जवळचा नंबर, अथवा मल्टिफोकल लेन्स दिल्या जातात. कार्यालयात ते सोयीचे असते, पण शॉटगनसाठी दोन्ही डोळ्यांत पूर्ण दूरचाच नंबर हवा. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत कोणत्या अंतराचे भिंग बसवायचे हे ठरवतानाही आपण शॉटगन खेळता हे शल्यचिकित्सकांना आधी सांगावे, कारण ते भिंग नंतर सहज बदलता येत नाही.

लेन्स घातल्या तरी वरून संरक्षक चष्मा हवाच, हे डॅलसकर यांनी लिहिले आहेच.

शेवंती

मी मेलबर्नला असते आणि येथील महिला गटात स्कीट खेळते. एका मुद्द्याचा उल्लेख अजून कोणी केला नाही, तो म्हणजे प्रबळ डोळ्याचा, म्हणजे नेम धरताना मेंदू ज्या डोळ्याचे अधिक ऐकतो त्याचा. मी उजव्या खांद्यावरून नेम धरते, परंतु नंबर बदलल्यानंतर डावा डोळा अधिक स्पष्ट झाला आणि मेंदू त्याचेच ऐकू लागला. परिणाम असा की उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या तबकड्या सतत चुकू लागल्या, आणि बरेच दिवस मी दोष पायांच्या ठेवणीला देत होते. दोन्ही हात लांब करून तळव्यांच्या मध्ये छोटे भोक ठेवावे, दोन्ही डोळ्यांनी त्यातून दूरची वस्तू पाहावी आणि एकेक डोळा मिटावा, ही चाचणी माळरान यांनी जुन्या आणि नव्या अशा दोन्ही चष्म्यांनी करून पाहावी.

तुघलकाबाद_वारी

शेवंतीताईंचा मुद्दा अगदी योग्य आहे. नंबर दिवसभर तोच असला तरी थकव्याने प्रबळता संध्याकाळी डळमळते, विशेषतः ज्यांची ती मुळातच दोन डोळ्यांत निम्मी-निम्मी असते त्यांची. उपाय सोपा आहे. बंदूक खांद्याला लावून, दुसऱ्या डोळ्याच्या भिंगावर मणी जेथे दिसतो नेमक्या तेथे अंगठ्याच्या नखाएवढी अर्धपारदर्शक चिकटपट्टी लावावी. डोळा उघडाच राहतो, बाजूची तबकडी दिसते, फक्त मण्याच्या जागी तो डोळा पुसट होतो. डोळा मिटून नेम धरण्याची सवय लावून घेऊ नये.

मात्र पट्टीचा निर्णय नवा चष्मा आल्यावर घ्यावा. दोन्ही डोळ्यांचा नंबर अचूक झाल्यावर प्रबळता पुष्कळदा आपोआप जागेवर येते.

माळरान

सर्वांचे मनापासून आभार. दूरचा एकच नंबर, हे पटले. कॉन्टॅक्ट लेन्स पूर्वी वापरल्या होत्या, पण येथील थंड वाऱ्यात डोळे चुरचुरतात, म्हणून चष्म्याचाच विचार आहे. आता फ्रेम, भिंगाचा प्रकार आणि रंग यांविषयी विचारतो. संरक्षक चष्म्यात बसवायची नंबरची आतली चौकट स्वस्त पडते, ती चालेल का? गुणपत्रिका आणि काडतुसाच्या खोक्यावरची बारीक अक्षरे कशी वाचायची? आणि केंद्रबिंदू नेमका कसा मोजून घ्यायचा? बंदूक घेऊन चष्म्याच्या दुकानात तर जाता येणार नाही.

डॅलसकर

आतली चौकट मी लेन्सवर येण्यापूर्वी वापरली आहे. तिचे भिंग लहान असते, म्हणून बंदूक लावल्यावर डोळा तिच्या कडेवरून पाहतो. दोन भिंगांमुळे चार पृष्ठभाग होतात आणि प्रतिबिंबे वाढतात. आणि दमट हवेत मधल्या फटीत वाफ धरते, जी पुसण्यासाठी सगळा चष्मा उघडावा लागतो. खेळ आवडतो की नाही हे पाहण्यापुरती ती ठीक आहे. आपण त्या टप्प्याच्या पुढे गेला आहात.

लोलक

डॅलसकर यांच्याशी सहमत. उरलेल्या प्रश्नांची उत्तरे देते.

फ्रेम निवडताना नाकावरची पट्टी उंच आणि वर-खाली सरकवता येणारी असावी, म्हणजे सगळे भिंग भुवईपर्यंत वर नेता येते. वरची कड अगदी बारीक असावी किंवा नसावीच, आणि भिंग मोठे असावे. रँडॉल्फ, डेकॉट, पिला, कॅस्टेलानी अशा नेमबाजीचे चष्मे बनवणाऱ्यांच्या फ्रेमा याच विचाराने घडवलेल्या असतात. परंतु नावापेक्षा चष्मा आपल्या नाकावर आणि आपल्या दस्त्यावर कसा बसतो ते पाहावे. कानावर संरक्षक कर्णपट्ट घालत असाल तर काड्या बारीक आणि सपाट हव्यात. जाड काड्यांमुळे कर्णपट्टाची गादी उचलली जाते आणि आवाज आत येतो. भिंगाचा झुकाव रोजच्या चष्म्यापेक्षा कमी, जवळजवळ उभा ठेवायला सांगावा, म्हणजे डोके झुकल्यावर नजर भिंगाला काटकोनात भिडते.

दुकानाने सुचवलेला गुंडाळीचा चष्मा आपल्या नंबराला मी टाळेन. त्या वक्रतेत उणे चारच्या पुढचे भिंग कडेला जाड होते आणि कडेची विकृती वाढते. घ्यायचाच झाला तर वक्रतेसाठी नंबरात सुधारणा करून घासलेले भिंग मागावे. नुसता चिठ्ठीवरचा नंबर गुंडाळीच्या फ्रेमेत बसवून देणारी दुकाने आहेत आणि तो चष्मा घालून जमीन तिरपी भासते.

भिंग पॉलिकार्बोनेट किंवा ट्रायव्हेक्स यांपैकीच असावे. साधे प्लास्टिक, काच किंवा पातळ दिसावे म्हणून घेतलेले १.७४ अपवर्तनांकाचे भिंग मैदानावर नको, कारण आघात सोसण्यात ही भिंगे त्या दोघांच्या जवळपासही येत नाहीत. आपल्या नंबराला मी ट्रायव्हेक्स निवडेन. ते थोडे जाड होते, परंतु रंग कमी फुटतात. युरोपच्या ईएन १६६ मानकातील ‘एफ’ खूण म्हणजे सहा मिलिमीटरची पोलादी गोळी सेकंदाला ४५ मीटर वेगाने आदळली तरी चष्मा टिकतो. अमेरिकेत झेड-८७+ ची खूण पाहावी. ही खूण भिंग आणि फ्रेम अशा दोन्हींवर असावी, कारण भिंग न फुटता चौकटीतून निसटून डोळ्यावर आदळले तर उपयोग नाही. भोके पाडून जोडलेल्या बिनचौकटी फ्रेमा याच कारणाने वर्ज्य समजाव्यात. गालाचे प्रतिबिंब दिसते त्यावर उपाय म्हणजे भिंगाच्या आतल्या पृष्ठभागावर परावर्तन-रोधक लेप. तो सांगून घ्यावा लागतो.

केंद्रबिंदू मोजण्यासाठी बंदूक दुकानात नेण्याची गरज नाही. प्रथम रिकामी फ्रेम घ्यावी, तिच्या नमुना-भिंगांवर पातळ पारदर्शक पट्टी चिकटवावी आणि मैदानावर, बंदूक मधल्या बिजागरीवर उघडून दोन्ही नळ्या रिकाम्या असल्याची प्रशिक्षकांकडून खात्री करून घेऊन, सुरक्षित दिशेला रोजच्याप्रमाणे खांद्याला लावावी. आपण कॉन्टॅक्ट लेन्स काही वेळ घालू शकत असाल तर त्या दिवशी घालाव्यात, म्हणजे दूरचे दिसेल. डोळे मिटून बंदूक लावावी, मग उघडून दूर पाहावे, आणि सहकाऱ्याने बाजूला उभे राहून नजर ज्या ठिकाणातून जाते तेथे बारीक ठिपका द्यावा. नळीच्या समोर कोणीही उभे राहू नये, बंदूक रिकामी असली तरी. हे अनेकदा केल्यावर ठिपके एका लहानशा भागात गोळा होतात. ती फ्रेम ठिपक्यांसह दृष्टितज्ज्ञांकडे न्यावी. केंद्र अगदी ठिपक्यावर न नेता नेहमीची जागा आणि ठिपका यांच्यामध्ये, ठिपक्याकडे अधिक झुकते, ठेवावे असे मी करते. नाहीतर बंदूक खाली असताना तबकडीची वाट पाहणे अवघड होते, आणि ऑलिंपिक स्कीटमध्ये तर बंदूक कमरेजवळ ठेवूनच सुरुवात करावी लागते. दोन्ही भिंगांची उंची मात्र सारखीच बदलावी.

गुणपत्रिकेसाठी खिशात वाचण्याचा अर्धा चष्मा ठेवावा. डोळ्यांसमोरच्या भिंगात जवळच्या नंबराची खिडकी बसवण्याचा मोह टाळावा. आपला नंबर उणे असल्याने चष्मा नाकावरून खाली सरकवून, किंवा अगदी काढूनही, अक्षरे वाचता येतीलच.

तुघलकाबाद_वारी

रंगाविषयी माझे मत सांगतो. डोळे न मिचकावता पाहता येईल इतकी फिकट काच निवडावी. काच गडद झाली की बाहुली मोठी होते, भिंगाच्या आणि डोळ्याच्याही कडेचे दोष आत येतात आणि उरलेसुरले पाव नंबर जाणवू लागतात. इंग्लंडच्या ढगाळ आकाशासाठी साठ-सत्तर टक्के प्रकाश जाऊ देणारी काच पुष्कळ झाली. पिवळी काच निळा प्रकाश अडवते, म्हणून आमच्याकडे हिवाळ्यातल्या धुरकट सकाळी ती कामाला येते. हिरव्या झाडीसमोर नारिंगी तबकडी असेल तर जांभळट किंवा शेंदरी छटा हिरवे दाबून नारिंगी उठावदार करतात. काळ्या तबकडीला मोकळ्या आकाशासमोर रंगाची विशेष मदत होत नाही. तेथे फक्त चकाकी कमी करावी. रंगांची जाण प्रत्येकाची वेगळी असते, आणि लाल-हिरव्यात गल्लत होणाऱ्यांना तर दुसऱ्याने सुचवलेली काच उलटीही पडू शकते, म्हणून क्लबमधील चार जणांच्या बिननंबरी काचा स्वतःच्या चष्म्यावर धरून, प्रत्यक्ष तबकड्या पाहूनच ठरवावे.

उन्हात आपोआप काळी होणारी भिंगे घेऊ नयेत. थंडीत ती अधिक गडद होतात आणि हळू उजळतात, म्हणजे सूर्य ढगाआड गेल्यावर पुढच्या काही तबकड्या अंधारात खेळाव्या लागतात. ध्रुवीकृत काचेचाही मला काही फायदा दिसला नाही. ती फक्त प्रकाश कमी करते.

माळरान

फेब्रुवारीत पुण्याला येणार आहे. फ्रेम येथूनच घेऊन, बिस्लीत ठिपके देऊन ती सोबत आणली, तर भिंगे पुण्यात घासून घेता येतील का? आणि रंगीत भिंगांचे किती जोड करावेत?

लोलक

भिंगे पुण्यात सहज होतील. ट्रायव्हेक्स प्रत्येक दुकानात तयार नसते, मागवावे लागते, म्हणून येण्याआधी नंबर आणि फ्रेमची मापे कळवावीत आणि हातात किमान दोन आठवडे ठेवावेत. ठिपके प्रवासात पुसले जातात, तेव्हा फ्रेमच्या खालच्या कडेपासून आणि नाकाच्या मध्यापासून प्रत्येक ठिपक्याचे अंतर मिलिमीटरमध्ये लिहून घ्यावे व मोजपट्टीसह छायाचित्र काढावे. मागणीच्या कागदावर ‘उजव्या खांद्यावरून नेम’ असे स्पष्ट लिहावे. डावखुऱ्यासाठी हीच मापे उलट्या बाजूला जातात.

सुरुवातीला एकच जोड करावा, तोही रंगहीन किंवा अगदी फिकट. तो काही दिवस ट्रॅप आणि स्कीट दोन्हींवर वापरून केंद्राची जागा योग्य वाटली, तर त्याच मापांवर दुसरा रंगीत जोड मागवता येतो. दोन्ही जोड एकदम केले आणि जागा दोन मिलिमीटर बदलावीशी वाटली, तर दोन्ही वाया जातात.